ॲप्रेंटिसशिप संपली, तरी हातात स्टायपेंडच? फरकाचा अर्ज असा करा

जळगाव एमआयडीसीत चटईचा कारखाना असो की डाळमिल, आयटीआय झालेली अशी पोरं भेटतातच, ज्यांचं ॲप्रेंटिसचं वर्ष कधीच सरलंय, पण शेठ अजून ‘ट्रेनी’ म्हणतो आणि स्टायपेंडएवढेच पैसे टेकवतो. ‘आते काय करू?’ असं विचारणाऱ्याने आधी ॲप्रेंटिसशिपच्या करारावरची शेवटची तारीख बघावी.

त्या तारखेपर्यंत 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात, कामगार नाही. म्हणून किमान वेतन आणि पीएफ लागू नाही. मिळतं ते विद्यावेतन, म्हणजेच स्टायपेंड. 2019च्या नियमांत आयटीआयवाल्यासाठी ते दरमहा किमान 7,000 रुपये ठरलं. पण दुसरा नोंदवलेला करार नसताना पुढच्या दिवशी त्याच मशीनवर उभे राहिलात की तुम्ही कामगार. हजेरीत ‘ट्रेनी’ लिहिल्याने त्यात फरक पडत नाही. ॲप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र हाती यायचं असलं तरी पगार थांबत नाही.

मग काय काय मिळायला हवं? तुमच्या उद्योगाचं आणि परिमंडळाचं (किमान वेतनासाठी सरकारने पाडलेल्या विभागाचं) किमान वेतन, अधिक महागाईनुसार दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता. काम कुशल की अर्धकुशल, हे प्रत्यक्ष कामावरून ठरतं; फिटरचं काम करून घेऊन हेल्परचा दर देणं चालत नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात पीएफही कापला गेला पाहिजे. नेमणूकपत्र मात्र मागून घ्या, आपल्याकडे ते आपणहून क्वचितच मिळतं.

नोकरीची हमी कायदा देत नाही, करारात तशी अट असेल तरच. तरी 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की बाकी सारं समान असेल तर प्रशिक्षित ॲप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. भुसावळला रेल्वेत ॲप्रेंटिस केलेल्यांनी लक्षात ठेवावं: रेल्वेच्या लेव्हल 1च्या (सगळ्यात खालच्या वेतनस्तराच्या) थेट भरतीत 20 टक्के जागा रेल्वेतच ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात.

आता अर्ज. खासगी कारखान्यातला पगार थकला असेल तर जळगाव किंवा धुळ्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात द्या. रेल्वे, वरणगावची आयुधनिर्माणी ही केंद्राच्या अखत्यारीत येतात. तिथली तक्रार केंद्राच्या कामगार अधिकाऱ्याकडे. करार चालू असतानाचंच विद्यावेतन अडकलं असेल तर आयटीआयशी जोडलेल्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रात जा. या तिघांत गल्लत झाली की कागद नुसता फिरत राहतो.

अर्जात कारखान्याचं नाव-पत्ता, करार संपल्याची तारीख, त्यानंतर केलेलं काम, महिन्यावार मिळालेली आणि मिळायला हवी होती ती रक्कम लिहा. फरकाचा आकडा स्वतः काढा, ‘योग्य ती रक्कम मिळावी’ एवढ्यावर सोडू नका. सोबत कराराची प्रत, आयटीआयचं प्रमाणपत्र, असेल तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, आधार आणि बँक पासबुक जोडा. पासबुक सगळ्यात कामाचं, कारण करारानंतरही तेवढेच पैसे जमा होत राहिले हे त्यातच दिसतं. रोख मिळत असेल तर गेटपास, हजेरीचा फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

वेतन संहिता या पगाराबाबतच्या केंद्रीय कायद्यानुसार हक्क निर्माण झाल्यापासून तीन वर्षांत दावा करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असते. अर्ज नोंदणीकृत कामगार संघटनेमार्फतही जातो. अजून तिथेच कामाला असाल आणि एकट्याने नाव घालायची धास्ती वाटत असेल, तर हा रस्ता बरा. एक मात्र करा: मधल्या काळात ‘पूर्ण हिशेब मिळाला’ असा कागद पुढे केला तर रक्कम खात्यात दिसल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच.