दहावीचा निकाल ९५ टक्के, पण कितीपैकी?

दहावीचा निकाल लागला की जिल्ह्यातल्या शाळांची तुलना सुरू होते. पूर्वी ती बोर्डाच्या गुणवत्ता यादीवरून व्हायची. यादीत शाळेची किती मुलं झळकली, एवढंच बघितलं जायचं. दोन-चार हुशार मुलांवरून अख्ख्या शाळेची प्रत ठरायची. ती यादी बोर्डाने बंद केली हे योग्यच झालं. मग सगळा भर उत्तीर्णांच्या टक्केवारीवर आला आणि खरा घोळ तिथेच आहे.

२०१८ साली राज्यातल्या नियमित विद्यार्थ्यांचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत (शाळेनेच द्यायचे) २० गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले, निकाल ९५.३० टक्के! मास्तर तेच, वर्ग तेच. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, तरी निकाल ९९.९५ टक्के लागला. त्यामुळे शाळेची प्रगती बघताना २०२१ वगळावं आणि २०१९ चा आकडा पुढच्या-मागच्या वर्षांशी जोडू नये. त्या वर्षी शाळा विभागाच्या सरासरीपेक्षा वर होती की खाली, एवढंच पाहावं.

दुसरी खोट नववीत असते. आठवीपर्यंत मुलांना नापास न करण्याचं धोरण शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून आणलं (राज्यात पाचवी आणि आठवीसाठी ते २०२३ मध्ये बदललं), आणि कच्च्या मुलांची चाळणी नववीत होऊ लागली. काही शाळा अशा मुलाला नववीतच ठेवतात, काही १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगतात. तो मुलगा शाळेच्या निकालात दिसतच नाही.

समजा, एका शाळेत नववीला ६० मुलं होती, दहावीला ४० बसली, ३८ पास झाली. फलकावर ९५ टक्के लागतात. शेजारच्या शाळेत ६० पैकी ५८ बसली, ५१ पास झाली, म्हणजे ८८ टक्के. नववीचा पट धरला तर पहिलीचे ६३ आणि दुसरीचे ८५ टक्के होतात. पट काढताना दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेली मुलं वजा करावीत.

त्यानंतर श्रेणी बघावी: विशेष प्रावीण्य (७५ टक्क्यांपासून पुढे) किती आणि ३५ ते ४५ मध्ये जेमतेम सुटलेले किती. वीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ५ टक्के. अशा लहान शाळेचा एका वर्षाचा आकडा धरू नये, तीन वर्षांची मुलं एकत्र मोजावीत.