ऑपरेशन गुडघ्याचं, व्यायाम पोटाचा का?

एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातली हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या एका लिगामेंटचं (चिवट पट्ट्याचं), ऑपरेशन झालेल्या माणसाला फिजिओ ब्रिज किंवा प्लँक करायला लावतात, तेव्हा त्याला हमखास प्रश्न पडतो की फाटलं होतं गुडघ्यातलं लिगामेंट, मग पोटा-कंबरेची मेहनत कशाला? अनेकजण हा भाग घरी सोडूनच देतात, याचं फार वाईट वाटतं. कारण हे व्यायाम उगीच जोडलेले नाहीत.

1895 साली इंग्लंडमधल्या लीड्समध्ये मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराची गुडघ्यातली लिगामेंट शिवली. पुढे तंत्र सुधारत गेलं, पण ऑपरेशननंतर पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्येच राहायचा. मांडी सुकायची, गुडघा आखडायचा. 1990 मध्ये अमेरिकेतल्या शेलबर्न आणि निट्झ यांनी एक गोष्ट मांडली. सांगितलेली बंधनं न पाळता लवकर चालू-फिरू लागलेले त्यांचे पेशंट उलट जास्त चांगले बरे होत होते! मग गुडघा लवकर पूर्ण सरळ करणं, पायावर लवकर भार देणं सुरू झालं. तरी सगळं लक्ष मांडीच्या स्नायूंवरच होतं.

कोअरचा, म्हणजे पोटा-कंबरेच्या स्नायूंचा, धागा आला तो पाठदुखीकडून. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी लोकांना नुसता हात झटकन हलवायला सांगितला. निरोगी माणसात पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू हाताच्या आधीच आवळत होता, पाठदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होत होता. हे 1996 चं. पुढच्याच वर्षी पायाच्या हालचालीबाबतही धड आधी सावरतं, हे त्यांनी दाखवलं. यातूनच ‘पोट आत ओढा’ची लाट आली. तो एकच स्नायू वेगळा काढून घोटवण्याचा आग्रह आता बराच मागे पडला आहे, आणि ते योग्यच झालं.

गुडघ्याशी थेट गाठ पडली ती 2007 मध्ये. येल विद्यापीठातल्या झाझुलाक आणि सहकाऱ्यांनी 277 खेळाडूंच्या धडावर ताण देऊन तो एकदम सोडला आणि धड किती हेलकावतं ते मोजलं. पुढच्या तीन वर्षांत 25 जणांना गुडघ्याची दुखापत झाली. ज्यांचं धड जास्त हललं होतं, त्यांच्यात ती जास्त दिसली. लिगामेंटच्या दुखापतीचा सर्वांत ठळक इशारा होता धड बाजूला कलण्याचा. मुलींमध्ये हा अंदाज चांगला जुळला. मुलांमध्ये मात्र लिगामेंटच्या बाबतीत आधीची पाठदुखी एवढीच खूण उपयोगी ठरली.

कारण समजायला सोपं आहे. उडी मारून एका पायावर उतरताना धड त्या बाजूला झुकलं, की शरीराचा भार गुडघ्याच्या बाहेरून जातो आणि गुडघा आत ढकलला जातो. एसीएल फाटण्याच्या कितीतरी प्रसंगांत गुडघा असाच आत वळलेला दिसतो. म्हणून मांडीच्या ताकदीची जागा प्लँक घेऊ शकत नसला, तरी नुसती मांडी भरून आली म्हणजे झालं, असंही नाही. एका पायावर अर्धं बसायला लावून फिजिओ गुडघ्याइतकंच खांद्यांकडेही बघत असतात, ते याचसाठी.