भ्रूणाला ऑक्सिजन किती हवा?

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात स्त्रीबीज फलित झाल्यावर तयार होणारा भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी सहसा तीन किंवा पाच दिवस इन्क्युबेटरमध्ये वाढवला जातो. तेथे तापमान ३७ अंश सेल्सिअस राखतात आणि पोषक माध्यमाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) ७.२ ते ७.४ च्या दरम्यान राहावा म्हणून ५ ते ६ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडतात. ऑक्सिजनकडे मात्र अनेक प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षे वेगळे लक्ष दिले नाही. तो बाहेरच्या हवेइतकाच, म्हणजे सुमारे २० टक्के असे.

वास्तविक सस्तन प्राण्यांच्या बीजवाहिनीत ऑक्सिजनचे प्रमाण २ ते ८ टक्केच आढळते. त्याहून जास्त ऑक्सिजन मिळाला तर पेशींत अतिक्रियाशील रेणू साचतात आणि ते पेशीपटल, मायटोकॉन्ड्रिया व डीएनए यांना इजा करतात. २०१२ मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. ज्या केंद्रात यशाचे, म्हणजे जिवंत बालकाच्या जन्माचे, प्रमाण ३० टक्के आहे, तेथे ऑक्सिजन ५ टक्क्यांवर आणल्यास ते ३२ ते ४२ टक्क्यांपर्यंत जाईल, असा अंदाज त्यातून निघाला. नवे औषध न देता, इन्क्युबेटरमध्ये नुसता नायट्रोजन भरून ऑक्सिजन कमी केल्याने एवढा फरक पडावा, हे मला विशेष वाटते.

वायूचे प्रमाण यंत्रावरच्या आकड्यावरून ठरवून भागत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे मुंबईत योग्य ठरलेला कार्बन डायऑक्साइडचा आकडा पुण्यात जसाच्या तसा ठेवला, तर माध्यमात तो कमी विरघळतो आणि सामू वर सरकतो. म्हणून प्रत्यक्ष माध्यमाचा सामू मोजूनच आकडा पक्का करावा लागतो.

इन्क्युबेटरचे दार उघडले की ही सारी घडी विस्कटते. त्यावर उपाय म्हणून माध्यमाच्या थेंबावर खनिज तेलाचा थर देतात आणि प्रत्येक रुग्णासाठी लहान, स्वतंत्र कप्पे वापरतात. दार न उघडता भ्रूणाची सतत छायाचित्रे घेणारे टाइम-लॅप्स इन्क्युबेटरही आले आहेत. त्यांनी भ्रूणतज्ज्ञांचे काम सोपे केले असले, तरी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्यांच्यामुळे जिवंत बालकाच्या जन्माचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. तेव्हा त्यासाठी जादा शुल्क सांगितले गेल्यास दांपत्याने आधी ऑक्सिजन किती ठेवता, हे विचारलेले बरे.