हवा दारात मोजावी की पंगतीत?

ब्युइक ग्रँड नॅशनल या अमेरिकन गाडीच्या शौकिनांना २५५ हा आकडा तोंडपाठ असतो. १९८७चं मॉडेल, काळा कुळकुळीत रंग, ३.८ लिटरचं व्ही-६ इंजिन, त्यावर टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि आत येणारी हवा मोजायला नळीत बसवलेला एक सेन्सर. त्या गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये हवेचा आकडा आठ बिटांत साठवला जायचा आणि आठ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २५५. इंजिनाने सेकंदाला २५५ ग्रॅम हवा ओढली की मोजणी तिथेच अडकायची. बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला दाब, वाढवा, मोठा टर्बो बसवा, प्रत्यक्षात ३०० ग्रॅम हवा जाऊ द्या. कॉम्प्युटर म्हणणार, २५५.

चारच वर्षांनी, १९९१ साली, ब्युइक बनवणाऱ्या जनरल मोटर्सनेच सायक्लोन नावाचा टर्बो पिकअप आणला. ४.३ लिटर, व्ही-६, २८० अश्वशक्ती. त्यात हवा मोजणारा सेन्सरच नव्हता; हवा किती आली ते दाब आणि तापमानावरून हिशेबाने काढलं जायचं. गंमत म्हणजे फोर्डचा प्रवास नेमका उलटा झाला. मस्टँगच्या ५ लिटर इंजिनात आधी असा सेन्सर नव्हता. १९८८ला कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांत आणि १९८९पासून सगळ्याच गाड्यांत तो बसवला. एक कंपनी सेन्सर काढत होती, तेव्हा दुसरी तो लावत होती. दोघींचेही इंजिनिअर शहाणेच होते. म्हणजे प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही.

मुळात हवा मोजायची कशाला? एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. टर्बोवर पूर्ण जोर असताना हे प्रमाण मुद्दाम साडेअकरा-बारापर्यंत खाली आणतात, कारण जास्तीचं पेट्रोल वाफ होताना सिलिंडरमधली उष्णता शोषतं. पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण ‘लीन’ होतं, नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) सुरू होतं आणि पिस्टनची वाट लागते. साध्या इंजिनात दहा टक्क्यांची चूक कदाचित खपून जाईल. दीड बार बूस्टवर, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे दीडपट जादा दाबावर, ती महागात पडते. आणि लागतं ते हवेचं वजन. किती लिटर हवा आली हे कळून भागत नाही, कारण गार हवेचा लिटर आणि तापलेल्या हवेचा लिटर यांत ऑक्सिजन सारखा नसतो.

लग्नाच्या पंगतीत भात किती शिजवायचा, हाच प्रश्न आचाऱ्यापुढे असतो. एक मार्ग म्हणजे मांडवाच्या दारात माणूस उभा करून येणारी डोकी मोजायची. दुसरा मार्ग: तासाला पंगती किती उठतात, बसणारे किती दाटीवाटीने बसलेत आणि किती पानं रिकामी राहतात, यावरून हिशेब मांडायचा.

दारात उभा राहणारा तो एअरफ्लो सेन्सर. गॅरेजच्या भाषेत ‘मॅफ’. एअर फिल्टरच्या लगेच पुढे नळीत एक तापवलेली बारीक तार किंवा पातळ पट्टी असते. वाहती हवा तिला गार करते आणि तिचं तापमान टिकवायला किती वीज लागली यावरून हवेचं वजन कळतं. तारेची उष्णता आणि वाऱ्याचा वेग यांचं गणित किंग या शास्त्रज्ञाने १९१४मध्येच मांडलं होतं; गाडीत ते यायला १९८०चं दशक उजाडावं लागलं. मित्सुबिशीने जुन्या टर्बो गाड्यांत वेगळीच युक्ती वापरली. नदीत रोवलेल्या खांबामागे आळीपाळीने भोवरे सुटतात ना, तसेच भोवरे हवेच्या नळीत निर्माण करून ते मोजायचे. भोवऱ्यांवरून हवा किती लिटर आली ते समजतं, वजन नाही. म्हणून तिथे तापमान आणि दाबही वेगळा मोजावा लागतो.

पंगत बघून हिशेब करणारी पद्धत म्हणजे स्पीड डेन्सिटी. इथे सेन्सर असतात ते इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब आणि तापमान सांगणारे. एक उदाहरण करून पाहू. दोन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतंय. दर दोन फेऱ्यांत ते एकदा भरतं, म्हणजे सेकंदाला १०० लिटर. मॅनिफोल्डमधला एकूण दाब २ बार आणि हवा ५० अंशांवर असेल, तर एका लिटरचं वजन सुमारे २.१६ ग्रॅम भरतं. म्हणजे सेकंदाला २१६ ग्रॅम? छे. सिलिंडर कधीच मापात भरत नाही. तो ९५ टक्के भरतो असं धरलं तर २०५ ग्रॅम. इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा गार करणारी जाळी) थकला आणि हवा ८० अंशांवर गेली, तर हेच उत्तर १८८वर येतं.

त्या ९५ टक्क्यांत सगळी मेख आहे. रिकाम्या पानांचा हा आकडा गाडीतला कोणताही सेन्सर सांगत नाही. कॅमशाफ्टचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) आकार, सायलेन्सर, टर्बोच्या गरम बाजूला तुंबणारा धूर, प्रत्येक गोष्टीने तो बदलतो, आणि तोही दर वेगाला, दर दाबाला वेगळा. डायनोवर (गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी चढवून, धुरातल्या ऑक्सिजन सेन्सरकडे डोळे लावून, तक्त्यातला एकेक चौकोन भरावा लागतो. (या तक्त्यालाही ट्यूनर, म्हणजे कॉम्प्युटरचे आकडे जुळवणारे कारागीर, ‘मॅप’ म्हणतात आणि दाबाच्या सेन्सरचं नावही ‘मॅप’च. नव्याने शिकणाऱ्याची दोन दिवस यातच भंबेरी उडते.) तक्ता जुना आणि कॅमशाफ्ट नवा असला की गाडी सिग्नलवर आचके देते. १९८९च्या मस्टँगचं कौतुक झालं ते यामुळेच: कॅम बदला, एक्झॉस्ट बदला, मॅफ आलेली हवा मुकाट्याने मोजत राहतो.

मग टर्बोवाले मॅफ काढून का टाकतात? दारापासून पंगतीपर्यंतची वाट टर्बो गाडीत फार लांब असते, म्हणून. मॅफ टर्बोच्या आधी बसतो. पुढे टर्बो, इंटरकूलर, मीटरभर पाइप, चार-पाच क्लॅम्प, मग थ्रॉटल (इंजिनाच्या तोंडाची हवेची झडप). वाटेत एखादा रबरी जॉइंट फाटला की मोजलेली हवा बाहेर निसटते, पेट्रोल मात्र तिच्यासह हिशेब करून पडतं. मिश्रण ‘रिच’ आणि मागे काळा धूर. ज्या ‘फुस्स’ आवाजासाठी पोरं ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पाय सोडल्यावर जादा हवा बाहेर टाकणारी झडप) लावतात, त्यातही हेच होतं: पाहुणे मोजले गेले आणि मागच्या दाराने पसार झाले. मूळ गाडीत ही हवा टर्बोच्या तोंडाशी परत सोडलेली असते, ती त्यासाठीच. शिवाय प्रत्येक मॅफला मोजण्याची एक हद्द असते. ब्युइकमध्ये ती २५५ ग्रॅमची होती. इतर कित्येक सेन्सर हवेचा आकडा व्होल्टमध्ये सांगतात, तिथे ती पाच व्होल्टला येते.

स्पीड डेन्सिटीत हे दुखणं नाही, कारण दाब मोजला जातो तो थेट मॅनिफोल्डमध्ये. सेन्सरला हद्द इथेही आहे, पण २ बारच्या जागी ३ बारचा बसवणं स्वस्तातलं काम. फिल्टर कुठेही ठेवा, पाइप कसाही वळवा. पाय दाबला की दाब लगेच दिसतो. मॅफवाल्या गाडीत मधला लांबलचक पाइप भरायला लागलेली हवाही इंजिनाच्या खात्यावर पडते.

पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात मला जास्त भीती तापमानाच्या सेन्सरची वाटते. ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की मॅनिफोल्डचं धातू तापतं आणि त्यात रोवलेला सेन्सरही. हवा ४० अंशांवर असताना तो ७० सांगू लागला, तर कॉम्प्युटर हवा विरळ समजून जवळपास नऊ टक्के पेट्रोल कमी देतो. सिग्नल सुटतो, चालक पाय दाबतो आणि मिश्रण लीन. म्हणून हा सेन्सर इंटरकूलरनंतर, इंजिनाच्या धगीपासून लांब आणि वाहत्या हवेत बसवावा. डिझेलवाल्यांनी यातलं फारसं मनावर घेऊ नये. तिथे मॅफचं मुख्य काम धुराचा किती भाग परत इंजिनात सोडायचा हे ठरवण्यापुरतं असतं.

माझं मत विचाराल तर: गाडी जवळपास मूळ रूपात आहे, फक्त रीमॅप करायचाय, म्हणजे कॉम्प्युटरमधले तक्ते बदलायचेत, तर कंपनीने दिलेल्या मॅफला हात लावू नका. टर्बो मोठा झाला, मॅफ हद्दीला टेकला आणि हाताशी चांगला डायनो व सबुरीचा ट्यूनर आहे, तर स्पीड डेन्सिटी. पुढे दर सहा महिन्यांनी काहीतरी बदलणार असाल, तर तक्ताही दर वेळी नव्याने भरावा लागेल, त्याचा खर्च आधीच धरा. आजच्या अनेक गाड्यांत दोन्ही सेन्सर असतात आणि कॉम्प्युटर एकाची साक्ष दुसऱ्याकडून तपासून घेतो.

काळ्या धुराला कंटाळून मॅफ उपटून स्पीड डेन्सिटीवर जाणारे बरेच भेटतात. धूर जातोही, पण फाटलेला जॉइंट तसाच राहतो. दाब कमी दिसतो म्हणून पेट्रोल कमी पडतं, सगळं आलबेल वाटतं, आणि तोच बूस्ट गाठायला टर्बो मात्र जास्त वेगाने फिरत राहतो. त्यामुळे मॅफला हात घालण्याआधी टर्बोच्या तोंडाला बूच लावा, पाइपांत गाडी चालते तेवढ्याच बूस्टची हवा भरा आणि जॉइंटांवर साबणाचं पाणी लावा. पंक्चरवाला टायरवर फेस लावून बुडबुडे शोधतो, अगदी तसंच.