अपेंडिक्स काढलेच पाहिजे, हे ठरले कसे?

पोटात उजवीकडे खाली दुखू लागले, तपासणीत अपेंडिक्स सुजलेले निघाले, की ऑपरेशन करायचे का, हा प्रश्न कुणी विचारत नसे. कधी करायचे, एवढेच विचारले जाई. 2015 मध्ये फिनलंडमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले आणि नेमका तो न विचारलेला प्रश्न ऐरणीवर आला. नुसत्या अँटिबायोटिकवर हे भागते का? गेल्या दहा वर्षांत यावर बरेच संशोधन झाले आहे. पण त्यावरून सर्जन मंडळींत एवढे वाद का, हे कळायला ऑपरेशनचा नियम मुळात कुठून आला ते पाहावे लागते.

अपेंडिक्स काढल्याची पहिली नोंद 1735 ची, लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमधली. क्लॉडियस अमयँड हे सर्जन एका अकरा वर्षांच्या मुलाच्या हर्नियाचे ऑपरेशन करत होते. हर्नियात त्यांना अपेंडिक्स सापडले, आणि त्यात टाचणी रुतलेली होती. त्यांनी ते कापून काढले. मुलगा वाचला. पण यातून दुखण्याचे मूळ कारण कळले असे म्हणता येत नाही. पुढची दीडशे वर्षे उजव्या कुशीतल्या पुवाचे खापर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर, सीकमवर फुटत राहिले. पॅरिसच्या द्युपुत्राँसारख्या दिग्गज सर्जनचे मतही तेच होते.

ते मोडीत काढले बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी. गंमत म्हणजे ते सर्जन नव्हते, शवविच्छेदन करणारे पॅथॉलॉजिस्ट होते. 1886 मध्ये त्यांनी रुग्णांच्या नोंदी एकत्र मांडून दाखवले की हा आजार अपेंडिक्सपासून सुरू होतो. ‘अपेंडिसायटिस’ हे नावही त्यांचेच. वेळेत निदान करा आणि गरज पडली तर लवकर कापा, असे त्यांनी सांगितले. तीनच वर्षांत न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी पोटावरची ती जागा दाखवून दिली, जी आजही प्रत्येक डॉक्टर बोटाने दाबून पाहतो.

फिट्झ यांनी जे पाहिले ते बहुतांशी फुटलेले अपेंडिक्स होते, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. शवविच्छेदनाच्या टेबलावर बरा झालेला रुग्ण येत नाही. सूज, मग पू, मग फुटणे, मग पोटभर जंतुसंसर्ग आणि मृत्यू, ही सरळ रेषा तिथूनच डॉक्टरांच्या मनात पक्की झाली. प्रत्येक सुजलेले अपेंडिक्स याच वाटेने जाते आणि सर्जनने मध्ये पडून ती वाट अडवायची, असे सूत्र ठरले. त्या काळात ते योग्यच होते. अँटिबायोटिक नव्हती आणि फुटलेल्या अपेंडिक्सपुढे कुणाचेच काही चालत नसे.

1902 मध्ये हा आजार घरोघरी माहीत झाला. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक 26 जूनला ठरला होता, आणि त्याच्या दोनच दिवस आधी त्याला ऑपरेशन टेबलावर घ्यावे लागले. सर्जन होते फ्रेडरिक ट्रीव्हज, ‘एलिफंट मॅन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या जोसेफ मेरिकला आधार देणारे तेच. त्यांची स्वतःची मुलगी दोन वर्षांपूर्वी याच आजाराने गेली होती. राजा बरा झाला, 9 ऑगस्टला अभिषेक झाला आणि अपेंडिक्सच्या ऑपरेशनला प्रतिष्ठा आली. प्रत्यक्षात ट्रीव्हज यांनी राजाचे गळू फोडून पू वाहू दिला होता. अपेंडिक्स काढलेच नव्हते! शिकागोचे आल्बर्ट ऑक्सनर तर त्याच सुमारास सांगत होते की पोटात पू पसरलेल्या रुग्णाला घाईने कापण्यापेक्षा तोंडाने काहीही न देता थांबणे बरे. अपेंडिक्सभोवती गाठ झालेल्या रुग्णासाठी ‘ऑक्सनर-शेरेन पद्धत’ म्हणून तो सल्ला पाठ्यपुस्तकांत टिकला, पण अपवाद म्हणूनच.

1940 च्या दशकात पेनिसिलिन हाताशी आले. मग हा प्रश्न तेव्हाच का विचारला गेला नाही? काहींनी विचारला होता. इंग्लंडमधले एरिक कोल्ड्रे यांनी 1950 च्या दशकात अपेंडिसायटिसच्या रुग्णांना ऑपरेशनऐवजी अँटिबायोटिक दिली आणि 1959 मध्ये 471 रुग्णांचा अनुभव छापला. मृत्यू एक. उलट बाजूचे उदाहरणही आहे. 1961 मध्ये अंटार्क्टिकातल्या सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव्ह या एकमेव डॉक्टरचेच अपेंडिक्स सुजले. आधी त्यांनी अँटिबायोटिक घेऊन पाहिली, दुखणे वाढतच गेले, आणि शेवटी त्यांनी आपल्याच हाताने आपले पोट उघडले.

कोल्ड्रे यांच्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही, याला सर्जनांचा हट्ट एवढेच कारण नव्हते. तेव्हा निदान हाताने आणि अनुभवाने होई. पोट उघडल्याशिवाय अपेंडिक्स खरेच सुजले आहे का, हे सांगता येत नसे. शंभरात 15 ते 20 ऑपरेशनांत ते निरोगी निघाले तरी चालते, असेच मानले जाई, कारण एखादे फुटू देण्यापेक्षा ते बरे. अशा वेळी न कापता बरा झालेला रुग्ण दाखवला, तर समोरचा सहज म्हणे, ‘त्याला अपेंडिसायटिस होताच कशावरून?’ याला उत्तर नव्हते.

म्हणून माझ्या मते या कथेतले खरे वळण औषधाने आणलेले नाही, ते चित्रणाने आणले. 1986 मध्ये नेदरलँड्सच्या जुलियन पॉयलार्ट यांनी पोट हळूहळू दाबत सोनोग्राफीत सुजलेले अपेंडिक्स पाहण्याची पद्धत मांडली. 1990 च्या दशकात सीटी स्कॅन त्यासाठी सर्रास वापरला जाऊ लागला. न कापता निदान पक्के झाले, आणि तेव्हा कुठे न कापता उपचार करून तुलना करणे शक्य झाले. याच काळात ऑपरेशनही सोपे होत गेले. जर्मनीतल्या कील इथले स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम यांनी 1980 मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा सर्जन त्यांच्यावर तुटून पडले होते. आज तीच नेहमीची पद्धत आहे.

1995 मध्ये स्वीडनमध्ये अवघ्या 40 रुग्णांची छोटी चाचणी झाली. मग फिनलंडची ‘ॲपॅक’ आली. तुर्कूच्या सर्जन पाउलीना साल्मिनेन यांच्या पथकाने 530 प्रौढ रुग्ण घेतले. सर्वांचे निदान सीटीने झालेले, अपेंडिक्स न फुटलेले, आत घट्ट झालेल्या मळाचा खडा नसलेले. कुणाला ऑपरेशन आणि कुणाला अँटिबायोटिक, हे यादृच्छिकपणे ठरले. अँटिबायोटिक घेतलेल्या सुमारे 73 टक्के रुग्णांना वर्षभरात ऑपरेशन लागले नाही. तरीही अँटिबायोटिक ऑपरेशनच्या फार मागे पडत नाहीत, हे सिद्ध करायला आधी आखून घेतलेल्या निकषावर ही पद्धत उतरली नाही, हे बातम्यांत बहुधा सुटले. पाच वर्षांनी पाहिले तर 39 टक्के रुग्णांत आजार परतला होता. पण ऑपरेशन लांबले म्हणून कुणाचे मोठे नुकसान झालेले दिसले नाही.

अमेरिकेतली ‘कोडा’ चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण 1,552, रुग्णालये 25, आणि अपेंडिक्समध्ये खडा असलेलेही त्यात घेतलेले. अँटिबायोटिक गटातल्या 29 टक्के लोकांना 90 दिवसांत ऑपरेशन लागले. खडा असलेल्यांत हे प्रमाण 41 टक्के होते, नसलेल्यांत 25. दोन वर्षांपर्यंत एकूण आकडा 46 टक्क्यांवर गेला. मुलांचे चित्र याहून फार वेगळे नाही. 2025 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या 936 मुलांच्या चाचणीत अँटिबायोटिक गटातला उपचार 34 टक्के मुलांत वर्षभरात अपयशी ठरला, म्हणजे अपेंडिक्स काढावे लागले; ऑपरेशन गटात अपयश 7 टक्के, म्हणजे काढलेले अपेंडिक्स निरोगी निघाले.

हे आकडे घेऊन दोन्ही बाजू आपापला विजय साजरा करतात. मला त्याहून रोचक वाटते ती कमी गाजलेली ‘ॲपॅक’ची तिसरी चाचणी. तिथे 66 रुग्णांपैकी काहींना अँटिबायोटिक दिली आणि बाकीच्यांना औषध नसलेले प्लासिबो. कुणाला काय मिळाले, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हते. दहा दिवसांत अँटिबायोटिकवाले 97 टक्के सुधारले, प्लासिबोवाले 87 टक्के. चाचणी लहान आहे, तिच्यावर उपचाराचा नियम उभारता येणार नाही. पण फिट्झ यांच्या सरळ रेषेला तिने तडा दिला. 2023 मध्ये फिनलंड आणि नॉर्वेतल्या 1,803 रुग्णांच्या अभ्यासात आठ तासांत ऑपरेशन केलेल्यांपैकी 8 टक्क्यांचे अपेंडिक्स फुटलेले निघाले आणि चोवीस तासांत केलेल्यांपैकी 9 टक्क्यांचे. घड्याळाच्या काट्यावर सगळे अवलंबून असते, तर फरक याहून बराच मोठा दिसायला हवा होता. फुटणारे आणि न फुटणारे अपेंडिसायटिस हे मुळातच दोन वेगळे आजार असावेत, असे काही संशोधक आधीपासून मांडत होते. त्यांच्या म्हणण्याला यामुळे बळ मिळाले.

आता अडचण आहे ती या दोहोंना सुरुवातीलाच वेगळे कसे ओळखायचे याची. खडा ही एक खूण आहे. वय ही दुसरी, पण वेगळ्या कारणाने. अपेंडिक्सभोवती गळू झालेल्या रुग्णांवरची एक फिनिश चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण त्यांच्यात ट्यूमर अनपेक्षितपणे जास्त, साधारण पाचांत एकाला सापडले, आणि ते सगळे चाळिशीपुढचे होते. त्यामुळे अशा वयाच्या रुग्णाचे गळू औषधाने बरे झाले, तरी पुढे तपासणी करावीच लागते.

2020 च्या आंतरराष्ट्रीय जेरुसलेम मार्गदर्शक सूचनांनी खडा नसलेल्या, गुंतागुंत नसलेल्या आजारात अँटिबायोटिकचा पर्याय रुग्णापुढे ठेवायला सांगितले आहे, आजार परतू शकतो हे स्पष्ट सांगून. हा उपचार घरी गोळ्या आणून करायचा नाही, डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचा. ताप वाढला, पोट कडक झाले, तर आजही इलाज ऑपरेशनच.