हलवा, काटेरी

तीळ, खसखस, बडीशेप यांसारख्या बारीक दाण्यांवर साखरेच्या पाकाची पुटे एकावर एक चढवून केलेला, अंगभर काटे असलेला कोरडा गोड पदार्थ म्हणजे काटेरी हलवा. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत तो मकरसंक्रांतीच्या सुमारास होतो. तो तिळगुळाबरोबर वाटतात, बोरन्हाणात मुलाच्या डोक्यावरून ओततात, नव्या सुनेच्या आणि तान्ह्या बाळाच्या पहिल्या संक्रांतीला त्याचे दागिने करतात. गाजराचा किंवा दुधीचा हलवा आणि माहीमचा हलवा हे पदार्थ वेगळे. नावापलीकडे त्यांचा याच्याशी संबंध नाही.

साहित्य अगदी थोडके : मूठभर तीळ, साखर, पाणी, चमचाभर दूध. चवही साखरेचीच. त्यामुळे घरचा हलवा चाखताना गोडीबद्दल कोणी काही बोलत नाही. काटा कसा आला आहे तेवढे पाहतात. ‘काटा फुटला’, ‘काटा मोडला’, ‘या वेळी काटाच धरला नाही’ हीच या कामातली भाषा, आणि कृतीतली प्रत्येक गोष्ट त्या काट्यासाठी केलेली असते.

तीळ पॉलिश केलेले, पांढरे घेतात. ते निवडून, चाळून, कोमट होण्यापुरते परततात. तांबूस होऊ देत नाहीत, कारण सुरुवातीच्या पातळ पुटांतून तो रंग दिसत राहतो. पाकासाठी साखरेत तिच्या निम्म्याने पाणी घालून उकळी आणतात आणि चमचाभर दूध सोडतात. तापलेल्या पाकात दूध फुटते व त्याच्या कणांना साखरेतला गाळ चिकटून वर मळी धरते. ती काढून पाक कपड्यातून गाळला की तो स्वच्छ होतो आणि हलवा शुभ्र उतरतो. पाक एकतारी ठेवतात. चिमटीत धरून बोटे विलग केल्यावर एक तार दिसली की तो झाला. तापमापक वापरणाऱ्यांसाठी हे साधारण १०५ ते १०८ अंश सेल्सिअस. काहीजणी त्यात लिंबाचे दोन-तीन थेंब टाकतात. आम्लामुळे साखरेचा थोडा भाग ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये मोडतो आणि पातेल्यातला पाक मधेच साखरत नाही. थेंब वाढले तर मात्र उलटे होते : फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेते आणि हलवा चिकट राहतो.

जुनी मांडणी अशी असे : शेगडीत निखारे, निखाऱ्यांवर राखेचा थर आणि वर पितळेची पसरट परात. राखेमुळे आच मंद राही आणि सगळीकडे सारखी लागे. गॅसवर ही आच मिळवायची तर बर्नर सर्वांत बारीक करून आधी जाड तवा आणि त्यावर परात ठेवतात, आणि तरीही परात अधूनमधून खाली उतरवावी लागते. परातीत तीळ पसरून त्यांवर चमचाभर पाक सोडायचा आणि लगेच बोटांच्या पेरांनी दाणे हलवत राहायचे. आधी सगळे चिकट होऊन गोळा होतो, मग दाणे सुटे होऊ लागतात आणि शेवटी परातीवर त्यांचा कोरडा आवाज येतो. तो आवाज आल्याशिवाय पुढचा चमचा घालायचा नाही. घाई करणाऱ्याचे दाणे एकमेकांना चिकटून जुळे होतात आणि ते नंतर सुटत नाहीत. पेरांना चटके बसतात हे खरे, पण उलथन्याने दाणे घासले जातात आणि कोवळे काटे झडतात, म्हणून जुन्या हाताच्या बायका उलथने परातीत येऊ देत नाहीत.

वेळ इतका का लागतो हे हिशेबाने कळते. हजार तिळांचे वजन साधारण ३ ग्रॅम भरते. म्हणजे २० ग्रॅम तिळांत साडेसहा हजारांच्या आसपास दाणे झाले. त्यांवर अर्धा किलो साखर चढली तर एका दाण्याच्या वाट्याला पाऊणशे मिलिग्रॅम साखर येते आणि दाणा ४ ते ५ मिलिमीटर जाडीचा होतो. लहान चमचाभर एकतारी पाकात जवळपास ५ ग्रॅम साखर असते. त्या मापाने अर्ध्या किलोसाठी शंभर वेळा पाक घालणे आणि शंभर वेळा तो वाळू देणे आले. एकेक पूट सुकायला पाच-दहा मिनिटे. दाणे वाढले की चमचाही मोठा करता येतो, तरी हे काम दोन-चार दिवसांत विभागलेलेच बरे. नवशिक्याचा धीर हमखास सुटतो तो उत्तरार्धात. दाण्याची जाडी दुप्पट व्हायची तर साखर आठपट लागते. त्यामुळे पहिल्या दिवशी तीळ झपाट्याने फुगलेला दिसतो आणि नंतर तेवढीच साखर घालूनही हलवा आहे तेवढाच वाटतो. तो वाढत असतो, फक्त डोळ्यांना कळत नाही.

काटा येतो तो साखरेच्या स्फटिकांमुळे. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमच्या वर. एकतारी पाकात दर १०० ग्रॅम पाण्यामागे सुमारे ३०० ग्रॅम साखर असते. परातीत पडून हा पाक निवतो, त्यातले पाणी उडते आणि जास्तीची साखर स्फटिकरूपाने बाहेर पडते. आधीच स्फटिक असलेल्या जागी नवे स्फटिक सहज बसतात. दाण्याच्या पृष्ठभागावर कुठे जरासा उंचवटा असला तर दाणे परातीला आणि एकमेकांना तिथेच टेकतात, पाकही तिथेच आधी लागतो आणि टोकावरचे पाणी खोलगट भागातल्यापेक्षा लवकर उडते. अशा रीतीने उंचवटा उंचच होत जातो. पाक फार पातळ असेल तर तो दाण्यावर पसरून खळगे भरून काढतो आणि हलवा गुळगुळीत होतो; दाणे फार जोराने फिरवले तर टोके झिजतात. म्हणून दाट पाक, थोडा पाक आणि हलका हात हे तिन्ही सांभाळावे लागते. आच वाढली तर पाणी इतक्या वेगाने उडते की साखर दाण्याला धरण्याआधीच तिची भुकटी होते. ती परातीत राहू दिली तर पुढच्या पुटात मिसळून हलवा खरबरीत व मळकट करते. त्यामुळे दर काही पुटांनंतर हलवा चाळून घेतात आणि परात पुसून किंवा धुऊन पुन्हा चढवतात.

‘थंडीने काटा येतो’ असे म्हणतात, त्यात तथ्य आहे. जानेवारीत घाटावरची हवा गार आणि कोरडी असते, पूट लवकर सुकते आणि दाणे लगेच सुटतात. काही घरांत दिवसभराचे काम झाले की हलवा पातळ कपड्याखाली रात्रभर गारठ्यात ठेवतात. किनारपट्टीच्या दमट हवेत त्याच कृतीला जास्त वेळ लागतो. आभाळ भरून आले की काम थांबवलेले चांगले. उलट, हिवाळ्यात घर तापवावे लागते अशा परदेशी शहरांत घरातली हवा पुण्यापेक्षाही कोरडी असते आणि हलवा तिथे अडत नाही.

आत तीळच असावा असे नाही. खसखशीचा हलवा मोत्यासारखा बारीक होतो आणि दागिन्यांत फार शोभतो. लवंग, बडीशेप, वेलदोड्याचे दाणे यांचा हलवा तोंडात विरघळत गेला की शेवटी मसाल्याची चव येते. मोठ्या माणसांना तोच आवडतो. टरबूज-खरबुजाच्या बिया, साबुदाणा, चुरमुरे, डाळे, शेंगदाणे, काजूचे तुकडे यांवरही पाक चढवतात. दाणा जितका मोठा तितकी कमी पुटे लागतात, त्यामुळे शिकणाऱ्याने शेंगदाण्यापासून किंवा साबुदाण्यापासून सुरुवात करावी आणि तिळाकडे नंतर वळावे. रंगीत हलव्यासाठी खाण्याचा रंग किंवा केशर फक्त शेवटच्या दोन-तीन पुटांच्या पाकात मिसळतात. आधीपासून रंगवला तर काटे उठून दिसत नाहीत. रंगीत हलवा मुलांना आवडतो, पण काट्याची खरी परीक्षा पांढऱ्यावरच होते.

संक्रांतीच्या स्वयंपाकघरात याच दिवसांत चिक्कीही होते आणि तिचे तंत्र नेमके विरुद्ध आहे. चिक्कीत गुळाचा किंवा साखरेचा पाक इतका आटवतात की थेंब गार पाण्यात टाकताच कडक होऊन कट्कन तुटतो. तिथे स्फटिक होऊ द्यायचे नसतात. साखर काचेसारखी, स्फटिकांविना गोठवायची असते. हलव्यात स्फटिक मुद्दाम घडवायचे असतात. चिक्की अर्ध्या तासात होते याचे कारण हेच.

पाकाची पुटे चढवण्याची ही कला जगात इतरत्रही आहे. पोर्तुगालच्या ईशान्येकडील तोर्रे द मोंकोर्वू या गावी सोललेल्या बदामांवर असाच पाक चढवून काटेरी बदाम करतात. तांब्याच्या मोठ्या पसरट भांड्याशी बसलेल्या बायका ते हातांनी हलवतात, पण चटके बसू नयेत म्हणून बोटांत शिवणकामाची टोपणे घालतात. ही युक्ती आपल्याकडे कोणी उचलायला हरकत नाही. जपानमधल्या कोम्पेइतो या मिठाईचे नावही पोर्तुगीजांकडूनच आले. १५६९ मध्ये लुईश फ्रोइश या जेझुइट धर्मोपदेशकाने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बाटलीत ही मिठाई भेट दिली होती. ती करण्याची रीत जपान्यांना बराच काळ उलगडली नव्हती. इहारा सायकाकू या लेखकाच्या १६८८ सालच्या एका कथेत नागासाकीचा एक माणूस खटपट करून शोधून काढतो की आत तीळ असतो. आता तिथे तिळाऐवजी जाड साखरेचा कण घेतात, तापवलेल्या तिरप्या कढया यंत्रावर फिरवतात आणि एक घाणा व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. कोम्पेइतोला शिंगे का फुटतात या प्रश्नाने भौतिकशास्त्रज्ञ तेरादा तोराहिको (१८७८–१९३५) यांनाही ओढून घेतले होते. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या आरंभी ह्यू प्लॅट याने लिहिलेल्या कृतीत खडबडीत दाणे हवे असल्यास पाक अधिक आटवावा आणि पळीतून उंचावरून, गरम असतानाच सोडावा असे सांगितले आहे. दाट पाकाने काटा येतो हे मराठी घरांतले ज्ञान त्याच्याशी जुळते.

हलव्याच्या दागिन्यांत मंगळसूत्र, तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, बिंदी, नथ असा पूर्ण साज असतो. जावयासाठी हार आणि हलव्याने मढवलेला नारळ, बाळासाठी मुकुट आणि बासरी. एरवी शुभकार्यात टाळला जाणारा काळा रंग संक्रांतीला मुद्दाम नेसतात आणि काळ्या चंद्रकळेवर पांढरा हलवा खुलून दिसतो. जुन्या पद्धतीत दाण्याला भोक पाडत नाहीत, साखर फुटते. दोऱ्याचा फास दाण्याभोवती आवळून गाठ मारतात, मग पुढचा दाणा. काटे असल्यामुळे फास घसरत नाही. गुळगुळीत हलव्याचा दागिना असा गुंफताच येत नाही. हल्ली बरेचसे दागिने पुठ्ठ्यावर सोनेरी कागद लावून त्यावर डिंकाने हलवा चिकटवून होतात. ते झटपट होतात आणि छायाचित्रात चांगले येतात, पण मग ते खायचे राहत नाहीत. तान्ह्या बाळाच्या गळ्यात घालताना हे लक्षात ठेवावे, कारण त्याचा हात पहिल्यांदा तोंडाकडेच जातो. कडक दाणा घशात अडकू शकतो हेही आहेच. त्यामुळे बाळाच्या अंगावरचे दागिने औक्षण झाल्यावर उतरवलेले चांगले, आणि बोरन्हाणात खाली पडलेला हलवा मोठ्या मुलांनी वेचावा.

बाजारात मिळणारा हलवा बहुतेक यंत्रावर होतो. तिरपे, फिरते भांडे, त्यात दाणे, वरून पाक आणि गरम हवा. सगळे दाणे एकसारखे निघतात, काटे मात्र बुटके व बोथट असतात, कारण भांड्यात दाण्यांचे घर्षण अखंड चालू असते. घरगुती ऑर्डरी घेणाऱ्या बायका अजूनही हाताने हलवा करतात. त्यांच्या हलव्याचा भाव जास्त असतो आणि वर दिलेला हिशेब पाहता तो फार म्हणता येत नाही.

तयार हलवा एक दिवस सावलीत पसरून पूर्ण वाळला की घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरतात. ओलावा आणि मुंग्या एवढेच त्याचे शत्रू. कोरडा राहिला तर तो कित्येक महिने टिकतो. दमट हवेत बरणी उघडी राहिली तर आधी काट्यांची टोके विरघळतात आणि मग दाणे एकमेकांना चिकटतात. असा चिकटलेला हलवा पुन्हा मंद आचेवर परतून सुटा करता येतो, पण गेलेले काटे परत येत नाहीत. चाळणीखाली साठलेली साखरेची भुकटी वाया घालवत नाहीत. ती पुन्हा पाकात विरघळवता येते, किंवा हलवा करणाऱ्यांच्या चहात पडते.