आपत्तीच्या योजनेत गृहीत धरलेला माणूस

11 मार्च 2011 रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली. पुढे मृतांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा दिसले की मृतांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोक साठी ओलांडलेले होते. किनाऱ्यालगतच्या गावांत अपंग व्यक्तींच्या मृत्यूचे प्रमाण तर इतर रहिवाशांच्या साधारण दुप्पट निघाले. भूकंप आणि त्सुनामीचा इतका सराव असलेला देश दुसरा क्वचितच सापडेल. भोंगे होते, नकाशे होते, शाळांमधून नियमित तालमी होत होत्या. तरीही हा फरक पडलाच.

‘म्हातारी माणसे, अपंग माणसे, ती मागे राहणारच’ असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. आपत्तीत जीव वाचायला बऱ्याच गोष्टी एकापाठोपाठ एक जुळून याव्या लागतात. इशारा पोहोचला पाहिजे, तो कळला पाहिजे, जागेवरून निघता आले पाहिजे, जिथे जायचे तिथे राहता आले पाहिजे आणि पुढचे आठवडे औषधपाण्यासह निभावले पाहिजेत. सरकारी योजना लिहिणारे या प्रत्येक टप्प्यावर नकळत एक माणूस डोळ्यांसमोर ठेवतात. त्याला ऐकू येते, दिसते, जिना उतरता येतो. त्याच्याकडे फोन असतो, बहुधा वाहनही असते. सरकारी भाषा त्याला कळते आणि त्याला कायमचा पत्ता असतो. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया, आजारी, अपंग, परक्या मुलखातून आलेले आणि बेघर असे सगळे वगळल्यावर जे उरतात, त्यांच्यातला तो एक. योजना त्याच्यासाठी तयार होते आणि बाकीच्यांची सोय शेवटच्या परिशिष्टात ‘विशेष गट’ म्हणून लावली जाते. माझ्या मते घात होतो तो इथेच.

संयुक्त राष्ट्रांनी 2013 मध्ये 137 देशांतल्या साडेपाच हजारांहून अधिक अपंग व्यक्तींना विचारले होते की अचानक घर सोडावे लागले तर जमेल का. लगेच आणि विनासायास निघता येईल, असे सांगणारे जेमतेम 20 टक्के होते. 70 टक्क्यांहून अधिक जणांकडे स्वतःपुरतीही काही योजना नव्हती.

इशाऱ्यापासूनच पाहू. 1991 च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात आलेल्या चक्रीवादळात सुमारे 1 लाख 38 हजार लोक गेले. 20 ते 44 या वयोगटात दर हजार पुरुषांमागे 15 मृत्यू झाले, तर दर हजार स्त्रियांमागे 71. ऐन तारुण्यातल्या, धडधाकट स्त्रियांचा हा आकडा आहे. इशारा बाजारात, चौकात, पुरुषांच्या बैठकीत फिरला आणि घरात उशिरा पोहोचला. पोहोचला तरी नवऱ्याला न विचारता, मुले सोडून निघायचे कसे, हा प्रश्न होता. निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची आणि वेगळे शौचालयही नाही, ही अडचण वेगळी. दुर्बलता अंगातच असते असे मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. तिथल्या चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रमात आज निम्म्याच्या आसपास स्वयंसेवक स्त्रिया आहेत, त्यामुळे इशारा थेट घराच्या आत जातो. वादळांतली प्राणहानी त्या देशाने कित्येक पटींनी कमी केली आहे. त्यात उपग्रह आणि पक्के निवारे यांचा वाटा मोठा आहे, पण दारात येऊन बोलणाऱ्या या माणसांचाही आहे.

बहिऱ्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही, आंधळ्या माणसाला पडद्यावरची सरकती पट्टी दिसत नाही, हे कोणालाही पटते. बौद्धिक अपंगत्व किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांचा विचार त्यामानाने फार कमी होतो. त्यांच्यासाठी संदेश छोटा, चित्रासह आणि एका वेळी एकच कृती सांगणारा हवा. असा संदेश घाबरलेल्या कोणत्याही माणसाला लवकर कळतो, म्हणजे त्याचा फायदा सगळ्यांनाच आहे.

निघण्याचा टप्पा याहून अवघड आहे. 2005 मध्ये कॅटरिना वादळ येण्यापूर्वी न्यू ऑर्लिन्स शहर रिकामे करण्याचा आदेश निघाला, तेव्हा तिथल्या सुमारे एक लाख लोकांकडे मोटार नव्हती. लुइझियाना राज्यातल्या मृतांपैकी जवळजवळ निम्मे 75 वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते. जून 2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि 72 जण दगावले. त्या इमारतीत 37 अपंग रहिवासी होते, त्यांपैकी 15 वाचले नाहीत. उतरायला जिना एकच होता, आणि ज्यांना तो उतरता येणार नव्हता त्यांना खाली आणायचे कसे हे आधी कोणी ठरवलेले नव्हते. अशा प्रत्येक रहिवाशासाठी वैयक्तिक सुटका-योजना असावी, असे चौकशी आयोगाने 2019 मध्ये सांगितले.

मात्र ‘दुर्बलांना सर्वांत आधी हलवा’ हा नियमही सरसकट लावता येत नाही. फुकुशिमाने ते फार महागात शिकवले. 2011 च्या त्याच त्सुनामीने तिथल्या अणुवीज केंद्रात अपघात झाल्यावर जवळच्या फुताबा रुग्णालयातले रुग्ण घाईघाईने बसमध्ये बसवून हलवण्यात आले. त्यांतले अनेक अंथरुणाला खिळलेले होते. प्रवास कित्येक तास चालला, सोबत पुरेसे डॉक्टर नव्हते, औषधांची माहिती मागेच राहिली. त्या स्थलांतराच्या काळात 40 हून अधिक रुग्ण दगावले. किरणोत्सर्गापासून वाचवण्याची धडपड होती, आणि जीव गेले ते थंडी, निर्जलीकरण आणि दगदगीने.

त्यामागचे शरीरशास्त्र असे आहे. अतिवृद्ध किंवा फार आजारी माणसाच्या शरीरात धक्का सोसायला शिल्लक फारशी नसते. तहान लागल्याची जाणीव मंदावलेली असते, त्यामुळे काही तासांत पाणी कमी पडते. शरीराचे तापमान राखण्याची क्षमता घटलेली असते. गिळायला त्रास असेल तर अनोळखी माणसाने चुकीच्या स्थितीत भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. एकाच स्थितीत तासन्‌तास राहिल्याने त्वचेला जखमा होतात. स्मृतिभ्रंश असलेला माणूस परक्या जागी भांबावतो आणि खाणेपिणेच सोडतो. फुकुशिमातल्याच मिनामिसोमा शहरातल्या पाच वृद्धनिवासांमधल्या 328 रहिवाशांचा पुढे अभ्यास झाला. स्थलांतरानंतर त्यांच्या मृत्यूचे प्रमाण आधीच्या काळापेक्षा 2.7 पट झाले होते. पण ही वाढ सगळीकडे सारखी नव्हती. किती किलोमीटर नेले यावर ती ठरली नाही. कसे नेले, नव्या जागी काळजी कोणी आणि कशी घेतली, यावर ती अवलंबून होती.

मला या विषयातला हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष वाटतो. रहिवाशांना हलवायचे की जागेवरच सुरक्षित ठेवायचे, हा निर्णय प्रत्येक निवासासाठी शांततेच्या काळात घ्यायचा असतो. हलवायचे असेल तर कोणत्या वाहनाने, कोणत्या संस्थेत, कोणते कर्मचारी सोबत जाणार आणि औषधांचे कागद कोणाच्या हातात असणार, हेही तेव्हाच ठरवावे लागते. ठेवायचे असेल तर वीज आणि पाण्याची सोय लागते. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्या एका शुश्रूषागृहाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली आणि आतल्या उकाड्याने 12 वृद्ध दगावले. रस्त्याच्या पलीकडे चालू स्थितीतले रुग्णालय होते. त्यानंतर त्या राज्याने शुश्रूषागृहांना जनरेटर सक्तीचा केला, निदान 4 दिवस खोल्या थंड ठेवता येतील एवढ्या ताकदीचा.

वादळ सरल्यावरही धोका संपत नाही, हे डायलिसिसच्या रुग्णांकडे पाहून कळते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला बहुधा आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागते. ते चुकले की रक्तात पोटॅशियम साचते आणि हृदयाचे ठोके बिघडतात, अंगात पाणी राहून फुप्फुसे भरतात. यंत्राला वीज लागते आणि भरपूर शुद्ध पाणी लागते. नेमक्या या दोन गोष्टी आपत्तीत आधी जातात. 2012 मध्ये सँडी वादळ येण्यापूर्वी न्यूयॉर्क परिसरातल्या बऱ्याच केंद्रांनी रुग्णांना ठरलेल्या दिवसाआधीच बोलावून डायलिसिस करून घेतले. पुढे तुलना केली तेव्हा दिसले की ज्यांचे असे आधी झाले होते, त्यांना रुग्णालयात धाव कमी घ्यावी लागली आणि पुढच्या 30 दिवसांत त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. यासाठी नवे यंत्र लागले नाही, नवे औषध लागले नाही. वेळापत्रक एक-दोन दिवस अलीकडे ओढले, एवढेच.

त्यासाठी कोण कुठे राहतो हे मात्र माहीत असावे लागते. याद्यांचा प्रश्न इथे येतो, आणि तो नाजूक आहे. जपानमध्ये 2011 च्या आधीही मदत लागणाऱ्यांच्या याद्या बऱ्याच ठिकाणी होत्या. पण खासगी माहिती बाहेर जाऊ नये म्हणून त्या कार्यालयात राहिल्या आणि शोधायला निघालेल्या शेजाऱ्यांना किंवा अपंगांच्या संस्थांना मिळाल्या नाहीत. 2013 मध्ये कायदा बदलला. यादी करणे पालिकांना बंधनकारक झाले. एरवी ती संमतीने द्यायची आणि जीव धोक्यात असेल तेव्हा संमतीवाचूनही देता येईल, असे ठरले. तरी नुसत्या यादीने भागत नाही हे पुढच्या पुरांनी दाखवून दिले, म्हणून 2021 मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली. यादीतल्या प्रत्येकासाठी वैयक्तिक सुटका-योजना करण्याचा प्रयत्न पालिकांनी करावा, असे कायद्यात आले. बेप्पू शहरात याचा नमुना आधीच तयार होत होता. अपंग व्यक्तीला रोजची सेवा देणारा कार्यकर्ता, शेजारचे लोक आणि ती व्यक्ती स्वतः एकत्र बसतात. कोणता रस्ता, कोण हात देणार, सोबत काय घ्यायचे हे ठरवतात आणि मग ते प्रत्यक्ष चालून पाहतात. चालून पाहिल्यावरच कळते की अमक्या वळणावर व्हीलचेअरचे चाक अडकते.

यादीत नाव घालणारा माणूस असे समजून चालतो की वेळ आली की कोणीतरी येईल. येणारे कोणी ठरलेलेच नसेल तर ती यादी त्याला जास्त धोक्यात टाकते, कारण तो वाट पाहत थांबतो. यादी उघडण्यापूर्वी हे सरकारने लोकांना स्पष्ट सांगायला हवे.

काहींची नावे कोणत्याच यादीत येत नाहीत. ऑक्टोबर 2019 मध्ये हागिबिस वादळाच्या वेळी टोकियोच्या ताइतो विभागात बेघर माणसांना निवारा केंद्रातून परत पाठवण्यात आले. त्यांचा त्या विभागात पत्ता नव्हता. बाहेर वादळ होते. नंतर विभागप्रमुखांनी माफी मागितली. निवाऱ्याच्या दारात ओळखपत्र मागायचे की नाही, ही एक ओळ योजनेत आधी लिहिलेली असती तर त्या रात्री दारावरच्या कर्मचाऱ्याला स्वतः ठरवावे लागले नसते.

कायद्याचे पाठबळ आता बऱ्यापैकी आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे 11 वे कलम आपत्तीतल्या संरक्षणाबद्दल आहे. आपत्तीचा धोका कमी करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या सेंडाई आराखड्यात आखणीच्या वेळीच या लोकांना सहभागी करून घ्यावे, असे म्हटले आहे. न्यायालयेही ऐकतात. नोव्हेंबर 2013 मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने न्यूयॉर्क शहराची आपत्ती योजना तिथल्या सुमारे 9 लाख अपंग रहिवाशांबाबत भेदभाव करणारी ठरवली. कोणी मुद्दाम वाईट वागले असे न्यायालयाचे म्हणणे नव्हते. उंच इमारतींतून त्यांना उतरवायची तरतूद नव्हती, निवारा केंद्रांच्या दारांना आणि शौचालयांना व्हीलचेअर जात नव्हती, आणि एवढे पुरेसे ठरले. या त्रुटी अपंगांच्या संघटनांना आधीपासून तोंडपाठ होत्या. योजना लिहिणाऱ्या खोलीत या संघटना वेळीच बसल्या असत्या तर खटल्याची गरज पडली नसती. मसुदा पूर्ण झाल्यावर हरकती मागवणे म्हणजे सहभाग नव्हे, कारण तोपर्यंत इमारती निवडलेल्या असतात, बसगाड्यांची मागणी नोंदवलेली असते आणि पैसेही वाटून झालेले असतात.

राहिली मोजणी, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया वादळाने पोर्तो रिको बेटाची वीज गेली आणि काही भागांत ती कित्येक महिने आली नाही. मृतांचा सरकारी आकडा 64 वर थांबला होता. वर्षभराने विद्यापीठाच्या संशोधकांनी एरवीच्या मृत्यूंशी तुलना करून हिशेब मांडला, तेव्हा जादा मृत्यू 2,975 निघाले आणि सरकारने तो आकडा स्वीकारला. सर्वांत जास्त धोका गरीब भागांतल्या लोकांना आणि 65 वर्षांवरच्या पुरुषांना होता. 64 च्या आकड्यात फक्त ते आले होते, ज्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून वादळाची नोंद होती. वीज नाही, रस्ता नाही म्हणून औषध आणि उपचार न मिळून गेलेल्यांचा त्यात पत्ताच नव्हता. पुढची योजना मागच्या नोंदींवरून लिहिली जाते. म्हणून मृत्यूच्या दाखल्यात आणि निवारा केंद्राच्या नोंदवहीत वय, लिंग, अपंगत्व आणि नियमित उपचार यांचे रकाने हवेत, आणि ते वादळ येण्याआधी छापलेले हवेत.